खाणीशेजारच्या गावाची नोंदवही: विहीर, धूळ, भेगा आणि नाला कसे मोजावेत

वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात, म्हणजे चंद्रपूर, घुग्घुस, माजरी, वणी, राजुरा या भागात, खुल्या खाणींबद्दलच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. विहीर आटली, कापसावर काजळी बसली, भिंतीला भेगा गेल्या, पूर्वी न येणारे पुराचे पाणी घरात आले. उत्तरेही ठरलेली: यंदा पाऊस कमी, काळ्या मातीत घरे तडकतातच, धूळ रस्त्याची आहे. ही उत्तरे कधीकधी खरीही असतात, आणि गावाची अडचण तिथेच होते. कोणते उत्तर खरे हे ठरवायला दोन आकडे लागतात: खाण सरकण्याआधीचा आणि खाणीपासून दूरचा. खाणीकडे तिच्या पर्यावरण अहवालात असे आकडे असतात, गावाकडे नसतात. ते गावाकडेही असावेत, म्हणून पुढची पद्धत. खर्च मोठा नाही, पण सातत्य मात्र दीड-दोन वर्षांचे लागते.

वही पक्क्या बांधणीची घ्या आणि पहिल्याच दिवशी पानांना क्रमांक घाला. नोंद पेनाने करा. चुकले तर आकड्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा आणि सही करा. खाडाखोड किंवा व्हाइटनर दिसला की सगळी वही संशयात जाते. दर महिन्याच्या पानाखाली सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याची तारखेसह सही घ्या. एक नियम पाळायला सर्वांत अवघड जातो, तो असा: वाईट आकडे लिहिता तसेच चांगले आकडेही लिहा. फक्त धुळीचे दिवस नोंदवलेली वही पुरावा म्हणून टिकत नाही.

विहिरी

वेळ कमी असेल तर बाकी सगळे सोडा, पण हे करा. खुल्या खाणीचा खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की आजूबाजूच्या खडकातले पाणी त्यात झिरपते. ते सम्पात, म्हणजे खाणीच्या तळाशी केलेल्या साठवण खड्ड्यात, जमा होते आणि पंपाने बाहेर काढले जाते. खाण चालू आहे तोवर हा उपसा थांबत नाही. या भागात कोळशाच्या थरांवर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म आहे. तो चांगला पाणी धरणारा खडक असल्यामुळे खड्ड्याचा परिणाम लांबवर पोचू शकतो. बेसाल्टात विहीर असेल तर तसे होईलच असे नाही, तिथे पाणी भेगाभेगांतून फिरते.

सात-आठ विहिरी निवडा. तीन खाणीच्या एक-दोन किलोमीटरच्या आत, दोन तीन ते पाच किलोमीटरवर आणि किमान दोन आठ-दहा किलोमीटर दूर, शक्यतो नदीच्या पलीकडे. या शेवटच्या दोन तुलनेच्या विहिरी. त्या नसतील तर बाकीच्या आकड्यांवर ‘पाऊस कमी झाला’ हे उत्तर सहज चालते. सर्व विहिरी साधारण एका खोलीच्या आणि एकाच खडकातल्या असाव्यात. कालव्याच्या लाभक्षेत्रातली विहीर वगळा. नाल्याकाठची विहीरही वेगळी धरा, कारण खाणीतून उपसलेले पाणी पुष्कळदा त्याच नाल्यात सोडलेले असते. अशी विहीर भर मे महिन्यात तुडुंब दिसते आणि ‘पाणी तर वाढले’ असा दाखला तिचाच दिला जातो. तिच्यातली पातळी नव्हे, पाण्याची प्रत तपासायची असते.

मोजण्यासाठी ३० मीटरचा स्टीलचा टेप, त्याच्या टोकाला अर्ध्या किलोचे वजन आणि एक खडू लागतो. कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने बाण काढा, दरवेळी तिथूनच मोजा. बाणापासून जमिनीपर्यंत कठड्याची उंची एकदाच मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. टेपच्या वजनाकडच्या मीटरला खडू फासा, तो भाग पाण्यात जाईल इतका टेप सोडा आणि बाणापाशी पूर्ण मीटरचा आकडा धरा. वर ओढल्यावर खडूचा ओला भाग गडद दिसतो. उदाहरणार्थ, बाणापाशी १२.०० मीटर, ओला भाग ०.३४, म्हणजे पाणी बाणापासून ११.६६ मीटरवर. कठडा ०.८० मीटर असेल तर जमिनीपासून खोली १०.८६ मीटर. वहीत हा शेवटचा आकडा जातो. कठड्याची उंची वजा करायची राहिली आणि पुढे कोणी कठडा नव्याने बांधला, तर दोन वर्षांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. ही चूक फार होते.

बोअरवेलसाठी वायरची एक जोडी, टोके उघडी ठेवून, बॅटरी आणि लहान बझरला जोडा. टोके पाण्याला लागली की बझर वाजतो. वायरवर दर मीटरला टेपची खूण करा. आत मोटर आणि पाइप असेल तर वायर अडकते, म्हणून बंद पडलेली बोअर बरी.

दर १ आणि १५ तारखेला पहाटे, पंप सुरू होण्याआधी मोजा. शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असेल तर पहाटेचा आकडा फसवतो, कारण पंप रात्रभर चाललेला असतो. म्हणून ‘पंप बंद होऊन किती तास झाले’ हा रकाना हवाच. किमान आठ तास झालेले असावेत.

तुलना नेहमी त्याच महिन्याची त्याच महिन्याशी करा. समजा जवळच्या विहिरीची मेमधली पातळी गेल्या वर्षी ९.२ मीटर होती, यंदा १३.५ झाली. घट ४.३ मीटर. दूरच्या विहिरीत ८.८ ची १०.१ झाली, घट १.३. पावसाचा, उपशाचा आणि पीकबदलाचा वाटा साधारण १.३ धरला तर उरलेल्या ३ मीटरचे उत्तर खाणीने द्यायचे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर म्हणजे जवळपास ८५ हजार लिटर पाणी. तक्रारीत मीटर आणि लिटर दोन्ही लिहा, लिटर सगळ्यांना पटकन कळतात.

मेपेक्षाही ऑक्टोबरचा आकडा बोलका असतो. पाऊस सरासरीइतका झाला, दूरच्या विहिरी पूर्ववत भरल्या आणि जवळच्या भरल्या नाहीत, तर ‘पाऊस कमी’ म्हणायला जागा उरत नाही. पावसासाठी महसूल मंडळाचे आकडे घ्या. शिवाय गावातही मोजा: २० सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे बाटलीवर बसवा, ३१.४ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या भागातल्या निरीक्षण विहिरीचे जुने आकडे मागून घ्या, खाण येण्याआधीची एखादी नोंद त्यात सापडू शकते.

पाण्याची प्रत

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मीटर सगळ्यांकडे असतो आणि सगळेच त्याच्यावर नको तितका विश्वास ठेवतात. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. पाण्यात नेमके काय विरघळले आहे हे त्याला कळत नाही. त्याचा उपयोग बदल पकडण्यापुरता: एरवी ६०० दाखवणारी विहीर ११०० वर गेली की नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

तिथे सल्फेट, क्लोराइड आणि नायट्रेट हे तिन्ही एकदम तपासून मागा. कोळशात आणि त्याच्या आजूबाजूच्या खडकात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असते. हवा-पाण्याशी संबंध आला की त्याचे सल्फेट, लोह आणि आम्ल होते. खडकात चुनखडीचा अंश असेल तर आम्ल तिथल्या तिथे मरते आणि सामू (पीएच) ७ च्या आसपास राहतो. म्हणजे ‘सामू ठीक आहे, पाणी ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा. अशा वेळी सल्फेट आणि कठीणपणा वाढलेला सापडतो. उलट तिन्ही घटक एकत्र वाढले असतील तर खत, गोठा किंवा सांडपाण्याचा संशय आधी घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ४००. टीडीएससाठी हेच आकडे ५०० आणि २०००. ग्रामपंचायतीकडच्या पाणी तपासणीच्या एफटीके किटमध्ये सल्फेटची तपासणी सहसा नसते, म्हणून किटचा ‘सर्व ठीक’ शेरा इथे कामाचा नाही.

नमुन्यासाठी दोन लिटरचा नवा प्लास्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. धातू तपासायचे असतील तर वेगळी बाटली लागते, तिच्यात नायट्रिक आम्ल घालावे लागते. ती प्रयोगशाळेकडूनच घ्या. आम्ल न घालता ठेवलेल्या पाण्यात लोह तळाशी बसते आणि अहवालात कमी दिसते. घरच्या घरी लोह ओळखायचे तर पाणी पांढऱ्या बादलीत अर्धा तास ठेवा: उपसताना स्वच्छ असलेले पाणी पिवळसर झाले, तर त्यात लोह आहे.

तुम्ही घेतलेला नमुना कंपनीवर खटला भरायला चालत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्यासाठी नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने ठरलेल्या रीतीने घ्यावा लागतो. तुमचा अहवाल हा त्या अधिकाऱ्याला गावात आणण्यासाठी आहे. तो येईल तेव्हा कोणत्या विहिरीचा आणि कोणत्या नाल्याचा नमुना घ्यायचा हे वही सांगेल.

धूळ

सरकारी मानके हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांची आहेत. पीएम १० ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, पीएम २.५ ची ६०. गावाला छळते ती मात्र पडणारी जाड धूळ, जी कापसाच्या बोंडावर, वाळत घातलेल्या धान्यावर आणि पाण्याच्या टाकीत बसते. ती मोजायला उभ्या भिंतींची, २५ सेंटिमीटर तोंडाची बादली पुरते. गच्चीवर, झाडापासून दूर, तळाशी दोन-तीन सेंटिमीटर शुद्ध पाणी (बॅटरीचे चालेल) घालून ३० दिवस ठेवा. पाणी नसेल तर पडलेली धूळ वाऱ्याने परत उडते. उन्हाळ्यात पाणी रोज बघावे लागते. तोंडावर मोठ्या भोकांची जाळी बसवा, नाहीतर पक्ष्यांची विष्ठाच वजनात येते.

महिन्याअखेर पाणी आधी वजन केलेल्या स्टीलच्या वाटीत मंद आचेवर आटवा आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. गावच्या सोनाराकडे असा काटा असतो. या बादलीचे तोंड ०.०४९ चौरस मीटर, तेव्हा ०.५ ग्रॅम धूळ म्हणजे महिन्याला चौरस मीटरमागे सुमारे १० ग्रॅम. अशा तीन बादल्या ठेवा: कोळसा वाहतुकीच्या रस्त्याजवळ, गावाच्या मधोमध आणि दूरच्या गावात. पावसाळ्याचे चार महिने ही मोजणी बंद, बादली ओसंडते.

धूळ कोळशाची की मातीची? चिमूटभर लोखंडी पळीत लाल होईपर्यंत तापवा. कोळसा जळून राखाडी राख उरते, माती तशीच राहते किंवा तांबूस होते. तापवण्याआधी आणि नंतर तोललेत तर जळलेला वाटाही कळतो. पालापाचोळाही जळतो हे विसरू नका, आधी चिमट्याने वेचून काढा.

स्वस्त हवा-सेन्सर घेतला तर त्याच्या दोन खोडी माहीत असू द्या. हिवाळ्यात धुक्याच्या पहाटे तो आकडा फुगवून दाखवतो, कारण दवाचे कण त्याला धुळीसारखेच दिसतात. आणि जाड धूळ तो कमी मोजतो. डंपरचा लोट समोर असताना आकडा माफक दिसला तर दोष सेन्सरचा आहे.

सुरुंग आणि भेगा

हा सर्वांत वादग्रस्त भाग, आणि गावे इथेच सर्वाधिक हरतात. काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते. तिच्यावरच्या कमी खोल पायाच्या घरांना खाण नसली तरी कोपऱ्यांतून तिरप्या भेगा पडतात, एप्रिल-मेमध्ये रुंदावतात, ऑगस्टमध्ये मिटतात. सुरुंगाच्या हादऱ्याने बहुधा असलेल्याच भेगा लांबतात आणि गिलावा सुटतो. एका दिवसाच्या फोटोवरून या दोन्हींत फरक करता येत नाही.

म्हणून वर्षभर मोजा. भेगेच्या दोन्ही बाजूंना एक-एक खिळा पक्का बसवा आणि दोन खिळ्यांमधले अंतर व्हर्नियरने महिन्यातून एकदा घ्या. भेगेचे टोक जिथे संपते तिथे पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवण्याची जुनी पद्धतही चालते, पण काच फुटली म्हणजे हालचाल झाली इतकेच कळते, किती झाली ते नाही. ऋतूप्रमाणे उघड-मीट दिसली तर ते मातीचे काम. ऑगस्टमध्येही न मिटता लांबत गेलेली भेग आणि त्याच दिवसांतल्या मोठ्या स्फोटांच्या नोंदी जुळल्या, तर बोलायला आधार मिळतो. दूरच्या गावातल्या तशाच बांधणीच्या दोन घरांतही हेच करा.

स्फोटाची वेळ, दिशा, खिडक्या वाजल्या की जमीन हलली, हे रोज लिहा. खिडक्या वाजतात त्या हवेच्या दाबाने. जमिनीतला हादरा वेगळा आणि भिंतींच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार खाणमालकाच्या मालकीच्या नसलेल्या घरांपाशी कंपनाची मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर (वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली), १० मिलिमीटर (८ ते २५) आणि १५ मिलिमीटर (२५ च्या वर) आहे. मोबाइलचे कंपन-अॅप इथे मान्य होत नाही. महानिदेशालयाच्या नागपूर कार्यालयाकडे लेखी मागणी करा की सिस्मोग्राफ (हादरा मोजणारे यंत्र) अमुक घराच्या पायथ्याशी लावावा. मोजणी ज्या दिवशी होते त्या दिवशी सुरुंग लहान असण्याची शक्यता असते, म्हणून त्या दिवसाचे एका डिलेमागचे, म्हणजे एकाच क्षणी उडणारे, कमाल स्फोटक किती आणि गेल्या तीन महिन्यांत ते किती होते, हेही त्याच पत्रात मागा. हादरा ठरतो तो मुख्यतः याच वजनावर आणि अंतरावर.

स्फोटानंतर नारिंगी-पिवळा धूर दिसला तर तो नायट्रोजन डायऑक्साइड. ओल्या भोकात स्फोटक नीट न पेटल्याने तो होतो. वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर व्हा. फोटो आणि वेळ दोन्ही ठेवा.

ढिगारे आणि नाला

कोळशावरची काढलेली माती, म्हणजे ओबी, नदी-नाल्याच्या काठी रचली की पावसात पात्रात येते, पात्र उथळ होते आणि पूर पसरतो. चंद्रपुरात इरई नदीबाबत ही चर्चा वर्षानुवर्षे आहे. पर्यावरण मंजुरीत ढिगाऱ्याच्या अंतिम उतारासाठी सहसा २८ अंशांची अट असते. कंपासपेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला खडा घेऊन लांबूनही उतार मोजता येतो. पहिल्या दोन जोरदार पावसांनंतर पायथ्याची भिंत आणि भोवतीची चर कुठे फुटली ते पाहून फोटो काढा, फोटोत उंचीसाठी एक काठी उभी धरा.

नाल्याचे पाणी खाणीच्या वर आणि खाली एकाच तासात, सारख्या बाटल्यांत घ्या. तासभर स्थिर ठेवून तळाचा गाळ पट्टीने मोजा. कोळसा खाणीतून बाहेर सोडलेल्या पाण्याला तरंगत्या गाळाची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. बाटलीतून तो आकडा मिळत नाही. पण खालच्या बाटलीत दोन सेंटिमीटर गाळ आणि वरच्या बाटलीत रेघभर असेल, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला बोलावण्यास तेवढे पुरे.

आकडे कुठे लावायचे

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरून खाणीचे पर्यावरण मंजुरीचे पत्र आणि सहामाही अनुपालन अहवाल उतरवा. ते दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचे असतात. अहवालातली हवा मोजण्याची ठिकाणे आधी पाहा. केंद्र वसाहतीच्या बागेत असेल आणि वारा तुमच्या गावाकडे वाहत असेल, तर आकडे खोटे नसूनही निरुपयोगी असतात. ठिकाण बदलण्याची मागणी ही साधी आणि मान्य होण्यासारखी मागणी आहे. मूळ पर्यावरण आघात अहवालात १० किलोमीटरच्या परिघातल्या विहिरींचे तक्ते असतात, त्यात तुमच्या गावची विहीर असेल तर सोन्याहून पिवळे.

खाणीचा विस्तार येत असेल तर जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत येते. विस्ताराच्या काही प्रकरणांत सुनावणीतून सूट दिलेली असते, तेव्हा आधी तेच तपासा. मराठी सारांश मागून घ्या आणि तुमचा तक्ता लेखी द्या, पोच घ्या. नुसत्या भाषणातले पुष्कळसे इतिवृत्तात एका ओळीत संपते. इतिवृत्त तिथेच मराठीत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. ते ऐकल्याशिवाय मंडपातून उठू नका.

तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठात जायचे झाल्यास कलम १४ खालील वादाला कारण घडल्यापासून ६ महिन्यांची मुदत आहे, नुकसानभरपाईच्या कलम १५ ला ५ वर्षांची. पातळी पहिल्यांदा कधी घसरली ही तारीख इथे कळीची ठरते.

निवाड्याची वाट न पाहता पाण्याची सोय हवी असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे ग्रामसभेचा ठराव पाठवा. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या खाणपट्ट्यांमधून स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ३० टक्के आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्यांतून १० टक्के इतकी रक्कम या निधीत जमा होते, आणि पिण्याचे पाणी हा त्याच्या अग्रक्रमाच्या कामांपैकी एक आहे. ठरावाला विहिरींचा तक्ता, नकाशा आणि टँकर कोणत्या महिन्यांत लागला याची नोंद जोडा. सभागृह किंवा कमानीचा प्रस्ताव त्याच ठरावात घुसडू नका, पाण्याचा विषय मागे पडतो.